टीम सोडू का म्हणून विचारणाऱ्या पिट्सबर्गच्या दादांना

दादा, नमस्कार. तुमचं पत्र तीनदा वाचलं. सुरुवातीलाच तुम्ही लिहिलंय की लोकांचे नवरा-बायकोचे, सासू-सुनेचे प्रश्न असतात आणि मी बेसबॉलचं काय घेऊन बसलोय, तर आधी ते मनातून काढून टाका. ज्या गोष्टीने माणसाची झोप उडते आणि घरात बोलणं बंद होतं ती गोष्ट मोठीच असते, मग ती हिश्श्याची जमीन असो की पिट्सबर्ग पायरट्स.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. हे दादा १९८९ ला एमएस करायला पिट्सबर्गला गेले, रूममेटने थ्री रिव्हर्स स्टेडियमवर नेलं आणि तेव्हापासून ते पायरट्सचे झाले ते आजपर्यंत. ऑक्टोबर १९९२ मध्ये ही टीम वर्ल्ड सिरीजपासून, म्हणजे अंतिम मालिकेपासून, एका आउटवर होती. अटलांटाविरुद्धचा सातवा गेम, शेवटची इनिंग, दोन आउट झालेले, २-१ ने पुढे, आणि तेवढ्यात फ्रान्सिस्को काब्रेराने लेफ्टला बॉल मारला, बॅरी बॉन्ड्सने थ्रो केला, आणि सिड ब्रीम, जो आधी पायरट्सचाच होता आणि गुडघ्यांनी पार कामातून गेलेला, तो घसरत जेमतेम होम प्लेटला पोचला आणि अटलांटा जिंकलं. ३-२. मग बॉन्ड्स सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि टीमला जे ग्रहण लागलं ते लागलंच. १९९३ ते २०१२, सलग २० सीझन जिंकण्यापेक्षा हरणं जास्त. अमेरिकेतल्या कुठल्याच मोठ्या व्यावसायिक खेळात एवढी लांब रांग दुसऱ्या कुठल्या टीमची नाही. १९९३ पासून २०२५ पर्यंत ३३ सीझन झाले, त्यात हरण्यापेक्षा जिंकणं जास्त असलेले फक्त चार, २०१३, १४, १५ आणि २०१८.

दादांचं म्हणणं असं की आता सहन होत नाही. बायको म्हणते हा तुमचा दुसरा संसार आहे. मुलगा नोकरीसाठी लॉस एंजेलिसला गेला आणि गेल्या थँक्सगिव्हिंगला तिथल्या डॉजर्स टीमची निळी टोपी घालून घरी आला. जेवणाच्या टेबलावर दादा बोलले की हे विकत घेतलेलं यश आहे, त्यावर तो म्हणाला, "बाबा, तुम्ही हरण्यालाच निष्ठा म्हणता." दादा बेसमेंटमध्ये निघून गेले. तेव्हापासून बापलेक फक्त आईमार्फत बोलतायत. आणि प्रश्न असा की ताई, ही टीम कायमची सोडून देऊ का.

नका सोडू. पण जसं चाललंय तसंही चालू ठेवू नका.

दादा, तुमचा राग खरा आहे हे आधी मान्य करते, कारण घरातलं कोणी ते तुम्हाला म्हणालेलं दिसत नाही. बेसबॉलच्या मेजर लीगमध्ये बास्केटबॉल किंवा अमेरिकन फुटबॉलसारखी पगारावर कॅप, म्हणजे वरची मर्यादा, नाही. डॉजर्स ओहतानीसारख्या स्टार खेळाडूला दहा वर्षांचे ७० कोटी डॉलर देऊ शकतात आणि तुमच्या टीमने त्याच वर्षी, २०२३ ला, ब्रायन रेनॉल्ड्सशी आठ वर्षांचा जेमतेम पावणेअकरा कोटींचा करार केला तर तो टीमच्या इतिहासातला तोपर्यंतचा सगळ्यात मोठा करार ठरला. मोठ्या शहरांच्या कमाईतला वाटा छोट्या शहरांना मिळतो, पण तो खेळाडूंवर किती खर्च झाला हे बघताना तुमच्यासारख्यांचा जीव जळणारच. मॅककचन आणि कोल ह्या दोन्ही स्टार खेळाडूंना २०१८ च्या एका जानेवारीत दुसऱ्या टीमना देऊन टाकलं तेव्हा तुम्ही दोन दिवस ऑफिसला गेला नाहीत असं लिहिलंय, मला त्यात काहीच वेडेपणा वाटत नाही. आणि आता तुमचा पिचर स्कीन्स. २०२५ मध्ये सगळ्या मतदारांनी ज्याला पहिलं मत देऊन सर्वोत्तम पिचरचं साय यंग अवॉर्ड दिलं तो पोरगा, नऊ इनिंगमागे दोन रन्ससुद्धा देत नव्हता, १.९७, आणि तरी त्याच्या नावावर १० विजय आणि १० पराभव, कारण पाठीमागे रन्स करायला कोणी नाही. टीम ७१ जिंकली, ९१ हरली. असा पोरगा आपल्याकडे असूनही असं होतं तेव्हा नुसतं हरण्यापेक्षा जास्त लागतं.

पण दादा, तुमच्या पत्रात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच दोरीला वाळत घातल्यात. एक मालकांवरचा राग आणि एक ती वही.

वहीबद्दल तुम्ही चार ओळीच लिहिल्यात आणि मालकांबद्दल दोन पानं, पण फोटो पाठवलाय तो वहीचा. लाल कापडी बांधणीची, लांबट, वडिलांनी दुकानातली दिलेली हिशेबाची वही, जमा-खर्चाच्या रेघांवर तुम्ही पेन्सिलने नऊ इनिंगचे चौकोन आखलेत आणि सगळे आकडे मराठीत. ६-४-३ चा डबल प्ले, म्हणजे एका फटक्यात दोन आउट. उभ्या उभ्या बघत आउट झालेल्या बॅटरसाठी उलटा के, हे तुम्ही समजावून सांगितलंत म्हणून कळलं. तो फोटो मी मोठा करून बघितला. सन २००० च्या जुलैचं पान आहे, टीम हरलेली दिसतेय कारण खाली बेरीज करून जोरात रेघ मारलीय, कागद फाटेल इतकी, आणि समासात बारीक अक्षरात लिहिलंय, "आज धाकटा धरून उभा राहिला, पाचव्या इनिंगला." दादा, हरणारी टीम होती ती. त्या वर्षीही हरत होती. तरी संध्याकाळी सातला रेडिओ लागत होता, पोर्चवर तुम्ही वही घेऊन बसत होतात आणि पोरगं तुमच्या खुर्चीला धरून उभं राहत होतं.

मग १ ऑक्टोबर २०१३. हे तुम्ही एका वाक्यात उरकलंत म्हणून मीच जरा थांबते त्याच्यावर. २१ वर्षांनंतरचा पहिला प्लेऑफ, सिनसिनाटीविरुद्ध, पूर्ण स्टेडियम काळे कपडे घालून आलेलं, चाळीस हजार लोक एका सुरात त्यांच्या पिचरचं नाव ओरडतायत, कुएऽऽतो, कुएऽऽतो, त्याच्या हातातून बॉल खाली पडला आणि पुढच्याच बॉलवर रसेल मार्टिनने होमरन मारला. ६-२ ने जिंकलात. तुमचा मुलगा १४ वर्षांचा होता, तुमच्याबरोबर होता, दुसऱ्या दिवशी शाळेत त्याचा आवाज फुटत नव्हता. बेसबॉल एवढं अंगात येऊ शकतं हे त्या पोराला त्या रात्री कळलं आणि तुमच्या शेजारी उभं राहून कळलं. मग नवीन शहरात, जिथे ओळखीचं कोणी नाही, तिथे तो संध्याकाळी ऑफिसातल्या चार मित्रांबरोबर स्टेडियममध्येच जाणार ना. दुसरीकडे कुठे जाणार होता? टोपी निळी आहे, पण स्टेडियममध्ये जायची सवय तुम्ही लावलेली आहे.

इथे माझं एक सांगते. आमचे आप्पा पुण्याचे, महाराष्ट्राच्या रणजी टीमचे कट्टर. देवधरांच्या कॅप्टनशिपखाली १९३९-४० आणि ४०-४१ ला महाराष्ट्र जिंकला, त्यानंतर आप्पांच्या हयातीत कधीच नाही. १९९२-९३ ला फायनलला पोचले आणि पंजाबकडून हरले, म्हणजे तुमचा तो ऑक्टोबर आणि आमचा हा एकाच सीझनचा. आप्पा डबा घेऊन नेहरू स्टेडियमवर जाऊन बसायचे, आजूबाजूला मोजून पन्नास माणसं. त्यांना निंबाळकरांचे ४४३ पाठ होते, डिसेंबर १९४८, पुण्यातच, ब्रॅडमनच्या रेकॉर्डला फक्त नऊ कमी असताना काठियावाडची टीम मॅच सोडून निघून गेली. ते सांगताना दरवेळी त्यांचा आवाज चढायचा. मी लग्न होऊन मुंबईला आले आणि एकदा माहेरी जेवताना बोलून गेले की आमच्या मुंबईचं बघा, तुमच्या टीमचं काय खरं नाही. आप्पा काही बोलले नाहीत. वरण वाढून घेतलं, जेवले, उठले. पण त्यानंतर माझ्याशी क्रिकेट हा विषय त्यांनी कधी काढला नाही, मला वाटलं जाईल राग आपोआप, मीही काढला नाही, आणि अशी अकरा वर्षं गेली आणि मग आप्पा गेले. त्यांनी एक फोन केला असता किंवा मी केला असता. म्हणून तुम्हाला हे एवढं जोर लावून लिहितेय, थँक्सगिव्हिंगपासून आतापर्यंत तीन महिने झालेत, त्याचे चार होऊ देऊ नका.

आता करायचं काय ते सांगते. मालकांवर राग आहे ना, मग तो सीझन तिकिटाच्या पैशावर काढा, घरच्यांवर नको. ह्या वर्षी रिन्यू करू नका आणि का करत नाही ते त्यांच्या ऑफिसला नीट लिहून कळवा. सात-आठ गेम निवडून त्यांचीच तिकिटं काढा, बाकीचे पोर्चवर रेडिओवर ऐका, तसंही तुमच्या पत्रात जिथे जिथे जीव आलाय तिथे रेडिओच आहे. लोक बोलले की काहीच होत नाही असंही नाही. २०२५ लाच स्टेडियमच्या राइट फील्डच्या भिंतीवरचा, पायरट्सच्या जुन्या खेळाडूचा, क्लेमेंटेचा २१ नंबर झाकून तिथे जाहिरात लावली होती, त्याच्या मुलाने उघड नाराजी व्यक्त केली, लोक चिडले, आणि तो २१ परत आला. जो माणूस निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना सामान पोचवायला निघून १९७२ च्या ३१ डिसेंबरला विमान कोसळून गेला, ज्याच्या आठवणीसाठी ती भिंतच २१ फूट उंच बांधली, त्याचा नंबर झाकलेला लोकांनी चालवून घेतला नाही. तुमचा क्लेमेंटे, तुमचा तो नदीवरचा पूल, फोर्ब्स फील्ड ह्या जुन्या स्टेडियमची उरलेली भिंत जिथे दर १३ ऑक्टोबरला लोक जमून १९६० च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या गेमची रेडिओ कॉमेंट्री ऐकतात आणि मॅझरॉस्कीच्या जिंकून देणाऱ्या होमरनला परत टाळ्या वाजवतात, ह्यातलं काहीही कुठल्याच मालकाच्या मालकीचं नाही. २००८ ला रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, आपल्याकडची दोन भालाफेक करणारी पोरं, पायरट्सने साइन केली तेव्हा तुम्ही ऑफिसात पेढे वाटलेत. पोरं मेजर लीगपर्यंत पोचली नाहीत, म्हणून ते पेढे फुकट गेले का? माझ्या मते नाही.

सीझनचे १६२ च्या १६२ गेम बघायचे हा नियम मात्र मोडा. वहिनींचं म्हणणं मला पटलं. एप्रिल ते सप्टेंबर घरातला मूड कोणीतरी पिट्सबर्गच्या स्कोरवरून ठरवावा हा त्यांच्यावर अन्याय आहे, तीस वर्षं झाली, त्यांनी तुम्हाला हे प्रेमाने सांगितलंय, पुढच्या वेळी प्रेमाने सांगतीलच असं नाही. हरल्यावर अर्धा तास अंगणात फिरून या, मग आत जा. आणि त्यांना विचारा तरी की रेडिओ चालू असताना पोर्चवर बसायला त्यांना आवडेल का, पत्रभर मला कुठे दिसलं नाही की तुम्ही हे कधी विचारलंय.

मुलाचं. माफी मागायला लांबलचक काही लागत नाही. फोन करा, "त्या दिवशी मी उठून जायला नको होतं" एवढं म्हणा, टोपीचं नावही काढू नका. तुम्ही हरण्यालाच निष्ठा म्हणता असं तो बोलला, त्याचं उत्तर फोनवर द्यायला जाऊ नका, तुम्हाला ते येणारही नाही, मलाही आलं नसतं. डॉजर्स दरवर्षी एकदा पिट्सबर्गला येतात, शेड्यूल बघा आणि त्या तीन दिवसांसाठी त्याला घरी बोलवा. तिकिटं तुम्ही काढा. तो निळी टोपी घालेल, घालू दे.

आणि एक राहिलंच. तुम्ही लिहिलंय की ३१ जुलैची ट्रेड डेडलाइन, म्हणजे खेळाडू देण्याघेण्याची मुदत, झाली आणि चिडून वही मिटली, ती आजतागायत उघडली नाही. दादा, म्हणजे तुमच्या वहीत सप्टेंबर नाही. २, ३ आणि ४ सप्टेंबर २०२५, डॉजर्स पिट्सबर्गला आले होते, जे पुढे दोन महिन्यांत वर्ल्ड चॅम्पियन झाले तेच, आणि तुमच्या ह्या ९१ हरलेल्या टीमने त्यांना तिन्हीच्या तिन्ही गेम हरवलं, ९-७, ३-० आणि ५-३, शेवटच्या दिवशी स्कीन्सने सहा इनिंगमध्ये एक रन दिला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वही बंद केलीत आणि नेमकं हे तिच्यात नाही.

बॉक्स स्कोर, म्हणजे प्रत्येक गेमचे सविस्तर आकडे, मिळतात सगळे. आज रात्री तीन पानं आखा, पेन्सिलने, मराठी आकड्यांत, आणि समास कोरा ठेवा. मुलाला फोन झाला की मग तिथे काय लिहायचं ते तुम्हाला कळेल.

तुमची,
ताई