वॉरंटी संपल्यावर चार महिन्यांत एसयूव्हीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला. पाच लाख भरावेत का?

तुमची सात सीटर डिझेल ऑटोमॅटिक 64,000 किमीला बसली, वॉरंटी संपून चार महिने झालेत आणि सर्व्हिस सेंटर अख्खा गिअरबॉक्स बदला म्हणतंय. माझं उत्तर: भरू नका. निदान त्या गिअरबॉक्समधलं ऑइल स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय तरी नका.

माझी गाडीही सात सीटरच. कंपनीचं नाव घेत नाही. 58,000 किमी झाले होते. मे महिन्यात गुहागरहून पुण्याला परत येत होतो. गाडीत सहा माणसं, मागे आंब्याच्या चार पेट्या. कुंभार्ली घाटाच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर एक जोरदार धक्का बसला आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकली. इंजिन ओरडतंय, गाडी काही ओढत नाही. रडतखडत कोयनानगरपर्यंत आणली. तिथे एकजण टोचन करून द्यायला तयार होता, पण मी नको म्हटलं. ऑटोमॅटिकमध्ये ऑइलचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद ठेवून चाकांवर गाडी ओढली तर आतले भाग कोरडे फिरतात आणि उरलंसुरलंही जातं. गाडी पाठीवर घालून नेणारा फ्लॅटबेड ट्रक यायला पाच तास लागले. आईने तेवढ्यात एक पेटी रिकामी करून आजूबाजूच्यांना वाटून टाकली.

खरं तर गाडी दोन महिने आधीपासून सांगत होती. सत्तरच्या आसपास एका वेगात ठेवली की रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरायची. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणाला, "सर, ऑटोमॅटिकला एवढं चालतं." मी विश्वास ठेवला. इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देतो तो टॉर्क कन्व्हर्टर, आणि एका वेगात चालताना दोघांना थेट जोडतो तो त्याचा लॉक-अप क्लच. ही थरथर बहुतेकदा तो क्लच घसरल्याची असते, हे मला नंतर कळलं.

इस्टिमेट आलं साडेचार लाख. मी सही केली नाही. ओळखीच्या एका जुन्या फिटरला घेऊन गेलो आणि माझ्यासमोर ड्रेन नट उघडायला लावला. ऑटोमॅटिकचं ऑइल बऱ्याचदा लाल असतं, वापरून तपकिरी होतं. जळलेलं असेल तर काळं आणि करपट वासाचं. माझ्या गाडीतून निघालं ते सरळ स्ट्रॉबेरी मिल्कशेक! फिटरने एक थेंब गरम पत्र्यावर टाकला, तो चडचडला. म्हणजे ऑइलमध्ये पाणी होतं.

अनेक गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑइल थंड करायचा कूलर रेडिएटरच्याच टाकीत बसवलेला असतो. एका बाजूला ऑइल, दुसऱ्या बाजूला कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी आणि ग्लायकॉलचं मिश्रण), मध्ये पातळ धातू. तो झिरपला की दोन्ही मिसळतात. गंमत म्हणजे जास्त नुकसान गाडी बंद केल्यावर होतं. पंप थांबला की ऑइलचं प्रेशर शून्यावर येतं, पण गरम कूलंट अजून प्रेशरखाली असतो, तो ऑइलमध्ये घुसतो. क्लच प्लेटांवरचं कागदासारखं अस्तर पाणी पितं, ग्लायकॉलने त्याचा गोंद सुटतो, आणि मग प्लेटा घसरायला लागतात. माझा गिअरबॉक्स मेला होता हे खरं, पण मारला रेडिएटरने. आणि इस्टिमेटमध्ये रेडिएटरचं नावच नव्हतं! नवा गिअरबॉक्स त्याच रेडिएटरला जोडला असता तर वर्षभरात पुन्हा तेच झालं असतं.

त्या रात्री सगळी जुनी जॉब कार्डं काढली. वॉरंटीतल्या दोन सर्व्हिसिंगमध्ये स्पष्ट लिहिलेलं सापडलं, "कूलंट टॉप-अप". बंद सिस्टिममधला कूलंट उगाच कमी होत नाही. दोनदा भरला आणि तो जातोय कुठे हे कुणीच पाहिलं नाही. बिघाड वॉरंटीतच सुरू झाला होता, याचा पुरावा त्यांच्याच कागदावर होता. तो जोडून डीलरला नव्हे, कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल केला. तीन आठवडे भांडाभांडी झाली. शेवटी गिअरबॉक्स, टॉर्क कन्व्हर्टर आणि रेडिएटर कंपनीने दिले, मजुरी आणि ऑइल माझ्या खिशातून गेलं.

तुमच्या बाबतीत कूलंटच असेल असं नाही. ऑइल काळं निघालं तर कूलर चोंदलाय का, ऑइलची पातळी कमी होती का, हे विचारा. बऱ्याच मॉडेलांना ऑइल मोजायची डिपस्टिकच नसते, ठराविक तापमानाला नट उघडून पातळी बघावी लागते, त्यामुळे कुणी बघतच नाही. "लाइफटाइम ऑइल आहे, बदलायचं नसतं" असं सांगतील. पण ज्यांचे गिअरबॉक्स कित्येक महागड्या गाड्यांत बसतात ती झेडएफ कंपनी स्वतः 80,000 ते 1,20,000 किमी किंवा आठ वर्षांत ऑइल बदला म्हणते. ऑइल ठीक निघालं तर दोष नुसत्या व्हॉल्व्ह बॉडीचा (ऑइल कुठे जायचं ते ठरवणारा भाग) किंवा तिच्यातल्या एखाद्या सोलेनॉइडचाही (विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह) असू शकतो, तो खर्च बराच कमी असतो. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड स्कॅनरवर दिसतात, ते प्रिंट करून मागाच. पी0741 असेल तर लॉक-अप क्लचकडे बोट आहे, पी0218 असेल तर गिअरबॉक्स तापलाय.

आणि ऑइलचा नमुना स्वच्छ बाटलीत भरून, तारीख टाकून, काढतानाचा व्हिडिओ करून ठेवा. जुना गिअरबॉक्स त्यांच्या ताब्यात गेला की पुरावा गेला.

कंपनीने हात वर केले तर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. गाडीला 10 ते 20 लाख मोजले असतील तर फी फक्त 400 रुपये. मात्र उत्पादनातला दोष आहे हे सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल लागतो, नुसत्या संतापावर केस उभी राहत नाही. म्हणून ती बाटली.

हे सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गिअरबॉक्सबद्दल झालं. तुमचा ड्युअल क्लच (टॉर्क कन्व्हर्टरऐवजी दोन क्लच वापरणारा) असेल तर गोष्ट वेगळी, तिथे ट्रॅफिकमध्ये इंच-इंच सरकवल्याने क्लच झिजतात. कोणता आहे ते आणि जॉब कार्डांवर कूलंटचा उल्लेख आहे का, एवढं खाली लिहा.