खेळती हवा की एसी?

प्रश्न : आम्ही इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. झोपण्याच्या खोलीची एकमेव खिडकी पश्चिमेला असून उन्हाळ्यात रात्री अकरानंतरही खोली तापलेलीच असते. मुले एसीचा आग्रह धरतात. मला बंद खोलीत झोपणे नकोसे वाटते. माझ्या ऐंशी वर्षांच्या सासूबाईही याच खोलीत झोपतात. कोणता मार्ग योग्य?

उत्तर : आधी खोलीत उष्णता येते कोठून, ते पाहू. वरची स्लॅब दिवसभर ऊन शोषून घेते आणि सूर्यास्तानंतर कित्येक तास ती उष्णता खाली सोडत राहते. त्यात पश्चिमेच्या काचेतून दुपारचे तिरपे ऊन थेट आत शिरते. म्हणजे रात्री आपल्याला छळतो तो मुख्यतः छताचा आणि भिंतींचा ताप. म्हणून पुढे एसी घ्यायचा ठरला तरी पहिला खर्च गच्चीला ऊन परतवणारा पांढरा लेप देण्यावर आणि खिडकीला बाहेरून आडोसा करण्यावर करावा. केवळ आतला पडदा पुरत नाही, कारण तो ऊन अडवतो तेव्हा ते काचेच्या आत आलेलेच असते.

हवा खेळण्यासाठी तिला आत येण्याची आणि बाहेर जाण्याची अशा दोन वाटा लागतात. आपल्या खोलीला खिडकी एकच आहे, तेव्हा समोरचे दार आणि त्यापलीकडची एखादी खिडकी उघडी ठेवल्याखेरीज झुळूक येणार नाही. गरम हवा वर चढते, म्हणून दारावर झडप असल्यास तीही उघडावी. मात्र वेळ सांभाळायला हवी. दिवसभर खिडक्या सताड उघड्या ठेवून आपणच बाहेरची उष्णता घरात घेतो, ही चूक फार घरांत होते. एक तापमापक आत आणि एक बाहेर सावलीत ठेवून आठवडाभर नोंद करा. बाहेरचा पारा आतल्यापेक्षा खाली उतरला की खिडक्या उघडाव्यात आणि सकाळी तो वर चढू लागताच बंद कराव्यात. दिवस-रात्रीच्या तापमानात दहा-बारा अंशांचा फरक पडत असेल, तर या पद्धतीने भिंतीसुद्धा निवतात. रात्रही उकाड्याची आणि दमट असेल, तर घाम वाळत नाही आणि उघडी खिडकी फारशी उपयोगी पडत नाही. तेथे एसीच कामी येतो, कारण तो हवेतील दमटपणाही काढून घेतो. 1902 मध्ये विलिस कॅरियर यांनी ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी अशी यंत्रणा आखली, तीही कागद दमट हवेने बिघडू नये म्हणून.

सासूबाईंबाबत मात्र मी प्रयोगांवर विसंबणार नाही. उतारवयात तहान आणि घाम दोन्ही कमी होतात, त्यामुळे शरीर तापल्याचे वेळेवर लक्षात येत नाही. लघवीचे प्रमाण वाढवणारी औषधे चालू असतील, तर धोका आणखी वाढतो. पंखा हवा थंड करत नाही, घाम वाळवतो. पारा 40 अंशांच्या वर गेला की तो शरीराला उलट तापवू लागतो. त्यामुळे त्यांच्या खोलीत एसी असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो 26-27 अंशांवर ठेवून सोबत पंखा मंद लावावा. पंख्यामुळे दोन-तीन अंश कमी असल्यासारखे वाटते; शिवाय साधा पंखा सुमारे 75 वॅट वीज घेतो, तर एक टनाचा एसी चालू असताना हजार वॅटच्या आसपास.

बंद खोलीविषयीची आपली नापसंती अनाठायी नाही. स्प्लिट एसी खोलीतील तीच हवा फिरवतो, ताजी हवा आणत नाही. म्हणून झोपण्यापूर्वी आणि पहाटे खिडकी थोडा वेळ उघडावी, रात्री दार किंचित किलकिले ठेवावे. बाहेरचे युनिट मात्र आपल्या किंवा शेजाऱ्यांच्या खिडकीजवळ बसवू नये. त्यातून निघणारी गरम हवा पुन्हा कोणाच्या तरी घरात शिरते.