१९३६ च्या वेलॉक्स अपघातासारखं, रात्री उड्डाणानंतर लगेच काही बिघडलं तर वैमानिकाच्या हातात काय उरायचं?

फारच थोडं. इम्पीरियल एअरवेजचं व्हिकर्स वेलॉक्स हे दोन इंजिनांचं मालवाहू बायप्लेन (एकावर एक अशा पंखांच्या दोन जोड्या असलेलं विमान) १० ऑगस्ट १९३६ च्या रात्री लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून उडालं आणि जवळच वॉलिंग्टनमधल्या घरांवर कोसळलं. चारही कर्मचारी गेले. या जातीचं तेवढं एकच विमान बनलं होतं.

‘दोन इंजिनं म्हणजे दुप्पट सुरक्षा’ हा त्या पिढीतल्या विमानांबाबत गैरसमजच. एक बंद पडलं की त्याचा प्रॉपेलर वाऱ्याने फिरत राहून ब्रेकसारखा ओढायचा. पाती वाऱ्याला समांतर वळवण्याची सोय तेव्हा सर्रास नव्हती. विमान बंद इंजिनाकडे वळतं, ते रडरने (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूने) सावरावं लागतं, पण वेग कमी असला की रडर पुरत नाही. वेगासाठी नाक खाली करावं, तर तेवढी उंचीच नसते. त्यात अंधार: क्षितिज नाही, मोकळं शेत कुठे तेही दिसत नाही.