प्रोजेक्ट गेला, स्कीम मागे राहिल्या

प्रश्न : आमच्या कार्यालयात कामांच्या नोंदी ‘जिरा डेटा सेंटर’मध्ये (जिरा या सॉफ्टवेअरच्या आपल्याच सर्व्हरवर चालणाऱ्या प्रकारात) ठेवल्या जातात. संपलेले काही प्रोजेक्ट मी ॲडमिन या नात्याने डिलीट केले. तरीही वर्कफ्लो स्कीम, इश्यू टाइप स्कीम आणि स्क्रीन यांच्या याद्या पूर्वीइतक्याच लांब आहेत. त्या आपोआप का गेल्या नाहीत आणि आता कशा काढाव्यात? (हिंजवडी, पुणे)

उत्तर : प्रोजेक्ट डिलीट केल्यावर त्यातील इश्यू (एकेका कामाच्या नोंदी), त्यांवरील कॉमेंट, जोडलेल्या फाइल, कंपोनंट आणि व्हर्जन कायमचे जातात. स्कीम, म्हणजे कामाच्या टप्प्यांचा क्रम (वर्कफ्लो), नोंदींचे प्रकार (इश्यू टाइप), नोंद भरण्या-पाहण्याची पाने (स्क्रीन) अशा गोष्टी ठरवणारे सेटिंगचे संच, मात्र प्रोजेक्टच्या मालकीच्या नसून संपूर्ण जिराच्या असतात, आणि प्रोजेक्ट त्यांना केवळ जोडलेला असतो. एक सदनिका रिकामी झाली म्हणून सोसायटी गच्चीवरची सामाईक टाकी उतरवत नाही, तसेच हे आहे.

घोटाळा होतो तो नावांमुळे. नवा सॉफ्टवेअर प्रोजेक्ट उघडताना जिरा त्याच्यासाठी वर्कफ्लो, इश्यू टाइप आणि स्क्रीन यांच्या वेगळ्या स्कीम तयार करते आणि त्यांच्या नावांच्या आरंभी त्या प्रोजेक्टची की (छोटे सांकेतिक नाव) लावते. पुढे कोणी शेअर्ड कॉन्फिगरेशनचा (आधीच्या प्रोजेक्टचीच सेटिंग वापरण्याचा) पर्याय निवडून दुसरा प्रोजेक्ट उघडला, तर तो प्रोजेक्ट पहिल्याची की मिरवणाऱ्या याच स्कीमवर चालू लागतो. म्हणजे ज्या स्कीमवर बंद झालेल्या प्रोजेक्टचे नाव आहे, तिच्यावर आज एखाद्या चालू प्रोजेक्टचे काम अवलंबून असू शकते. म्हणून नाव पाहून निर्णय घेऊ नये. यादीत स्कीमसमोर ती वापरणाऱ्या प्रोजेक्टांची नावे असतात, ती वाचावीत.

वापरात असलेली वर्कफ्लो स्कीम जिरा डिलीट करूच देत नाही, त्यामुळे तेथे भीतीचे कारण नाही. इश्यू टाइप स्कीमचे तसे नाही. ती वापरात असली तरी डिलीट होते, आणि तिच्यावरचे प्रोजेक्ट डिफॉल्ट इश्यू टाइप स्कीमवर जाऊन पडतात. डिलीट करण्यापूर्वीच्या पानावर तशी सूचना दिसते; पण एकामागून एक स्कीम उडवत बसलेला माणूस दहाव्या स्कीमला ती सूचना वाचत असेल, यावर माझा विश्वास नाही.

क्रम बाहेरून आत असा ठेवावा. वर्कफ्लो कोणत्याही स्कीममध्ये असेपर्यंत डिलीट होत नाही, मग ती स्कीम बिनवापराची का असेना; म्हणून आधी वर्कफ्लो स्कीम, नंतर वर्कफ्लो, आणि जे स्टेटस (वर्कफ्लोतील टप्पे) एकाही वर्कफ्लोमध्ये उरले नाहीत ते त्यानंतर. स्क्रीनच्या बाबतीतही हाच न्याय आहे: प्रथम इश्यू टाइप स्क्रीन स्कीम, मग स्क्रीन स्कीम आणि शेवटी स्क्रीन. एखादी स्क्रीन तरीही डिलीट होत नसेल, तर ती बहुधा एखाद्या वर्कफ्लोच्या ट्रांझिशनला (एका स्टेटसमधून दुसऱ्यात जाण्याच्या पायरीला) जोडलेली असते. परमिशन आणि नोटिफिकेशनच्या स्कीम बहुतेक ठिकाणी अनेक प्रोजेक्टांना मिळून एकच असतात. त्यांना हात लावण्याची गरज सहसा पडत नाही.

मात्र ही सफाई प्रोजेक्ट डिलीट केल्या दिवशीच करू नये, असे माझे मत आहे. डेटा सेंटरमध्ये ट्रॅशची, म्हणजे डिलीट केलेले काही काळ राखून ठेवण्याची, सोय नाही. गेलेला प्रोजेक्ट परत हवा असल्यास एक्सएमएल बॅकअपमधून प्रोजेक्ट इम्पोर्ट करावा लागतो, आणि त्यासाठी जिराची आवृत्ती तीच लागते, शिवाय त्या प्रोजेक्टला लागणारे इश्यू टाइप, स्टेटस आणि कस्टम फील्ड (आपण स्वतः जोडलेले रकाने) आधीपासून तेथे असावे लागतात. ते आपणच पुसून टाकले असतील, तर बॅकअप हाताशी असूनही काम अडते. जोडलेल्या फाइल एक्सएमएल बॅकअपमध्ये नसतात. अटॅचमेंटच्या फोल्डरची प्रत वेगळी काढून ठेवावी लागते.

प्रश्न : आम्ही जिरा क्लाउड (इंटरनेटवरून वापरायचे जिरा) वापरतो. तेथे चुकून डिलीट झालेला प्रोजेक्ट परत मिळतो काय? (पणजी)

उत्तर : मिळतो. क्लाउडमध्ये प्रोजेक्ट ट्रॅशमध्ये जाऊन 60 दिवस राहतो आणि त्या मुदतीत जिरा ॲडमिन तो परत आणू शकतो. त्यानंतर तो कायमचा जातो. तोवर त्याची की दुसऱ्या प्रोजेक्टला देता येत नाही आणि तोवर त्याच्या स्कीमही राहू द्याव्यात. टीम-मॅनेज्ड प्रोजेक्टमध्ये (ज्याची सेटिंग ती टीमच सांभाळते) स्कीमचा हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण त्याची सेटिंग त्याची एकट्याची असते.

प्रश्न : आमच्या दोन प्रोजेक्टांची वर्कफ्लो स्कीम एकच आहे. त्यातील एक बंद होत आहे, पण त्याच्या नोंदी लेखापरीक्षणासाठी लागतील. दुसऱ्याच्या वर्कफ्लोत आम्हाला बरेच बदल करायचे आहेत. जुना प्रोजेक्ट डिलीट करावा का? (ठाणे)

उत्तर : करू नये, अर्काइव्ह करावा, म्हणजे नोंदी राखून तो वापरातून बाजूला काढावा. ही सोय डेटा सेंटरमध्ये आणि क्लाउडच्या प्रीमियम व त्यावरील प्लॅनमध्ये आहे. एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी, ती अशी की अर्काइव्ह केलेला प्रोजेक्ट आपल्या स्कीमना जोडलेलाच राहतो, म्हणून सामाईक वर्कफ्लोमध्ये आज केलेला बदल त्यालाही लागू होतो. त्यामुळे आधी वर्कफ्लोची आणि वर्कफ्लो स्कीमची प्रत काढावी, प्रतीच्या स्कीममध्ये प्रतीचा वर्कफ्लो बसवावा, चालू प्रोजेक्ट तिला जोडावा आणि बदल त्या प्रतीतच करावेत. केवळ स्कीमची प्रत काढून भागत नाही, कारण तिच्या आत मूळ वर्कफ्लोच असतो. नव्या वर्कफ्लोत जुने एखादे स्टेटस नसेल, तर स्कीम बदलताना त्या स्टेटसमधील इश्यू कोणत्या नव्या स्टेटसमध्ये न्यायचे, हे जिरा विचारते. याचे उत्तर त्या प्रोजेक्टवर काम करणाऱ्यांना विचारून द्यावे, ॲडमिनने एकट्याने ठरवू नये.