जुनी सहा इंची ड्रेनेज लाइन बदलून चार इंची टाकायची आहे?

टाकता येईल, पण अर्धवट नको. मैल्याच्या लाइनचा एकच कडक नियम आहे: पाणी ज्या दिशेने वाहतं, त्या दिशेने पाइप कधीही बारीक होत नाही. वरून सहा इंची जुना पाइप येतोय आणि मधला फुटलेला तुकडा तेवढा चार इंची बसवला, तर त्या सांध्याच्या कडेला कपडा, केस, कागद अडकणारच. मी एकदा हे करून बसलोय. दोन महिन्यांत फरशी पुन्हा फोडावी लागली. उलट, चार इंचीतून पुढे सहा इंचीत जायला काहीच हरकत नाही.

म्हणून आधी चेंबरची झाकणं उघडून पाहा, सहा इंची नेमका कुठून सुरू होतो आणि त्याला काय काय जोडलंय. छताचं पावसाचं पाणीही त्यातच सोडलं असेल (जुन्या घरांत हे हमखास सापडतं), तर चार इंचीचा विचार सोड. फक्त संडास-बाथरूम-स्वयंपाकघर असेल, तर साध्या घराला ११० मिमी (म्हणजे चार इंची) पुरतो. उलट फार रुंद पाइपात पाणी पसरून उथळ वाहतं आणि घाण मागे राहते.

उतार मीटरला २५ मिमी धर. वरचं टोक ते चेंबर, अख्खा टप्पा एकदम बदल. आणि माती लोटण्याआधी पाणी भरून गळती तपास.