बघायला तर धडधाकट आहेस की!

"मॅडम, दिव्यांगांचं कार्ड काढलंय पण दाखवायची लाज वाटते, काय करू?" समुपदेशक म्हणून महिन्यातनं एकदा तरी हे ऐकतेच मी.

परवाची मुलगी 29 वर्षांची, डोंबिवली ते सीएसएमटी रोजचा प्रवास, मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार. काठी नाही, काही नाही, पण पायातली ताकद मधेच जाते आणि अंग तापलं की या आजारात त्रास वाढतो, आता मे महिन्यातली लोकल आठवा. दिव्यांगांच्या डब्यात बसली तर एक आजोबा सगळ्यांदेखत म्हणाले, "बघायला तर धडधाकट आहेस की!" ही पुढच्या स्टेशनला उतरली, आणि नंतर दोन महिने लेडीज डब्यात उभी राहून गेली, कार्ड पर्समध्ये. घरी आईचं वेगळंच, कुणाला सांगू नको, लग्न व्हायचंय. (आईंचं सेशन वेगळं घ्यावं लागणारे.)

खोदून विचारलं तेव्हा खरं बाहेर आलं. तिला स्वतःलाच वाटत होतं की आपण खऱ्या दिव्यांगांची जागा खातोय. मग सांगितलं, 1995च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7च प्रकार होते, 2016च्या कायद्यात 21 झाले, आणि त्यात तुझ्या आजाराचं नाव चक्क लिहिलंय. "नाव लिहिलंय?" दोनदा विचारलं तिने.

तिने नेटवर सूर्यफुलाचा हिरवा पट्टा पाहिला होता, 2016ला लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाला तो. गळ्यात घातला की स्टाफला कळतं, हिला न दिसणारा त्रास आहे, आजाराचं नाव सांगावं लागत नाही. मलाही आवडतो, पण बघणाऱ्याला खूण माहीत असेल तरच उपयोग ना, आपल्या लोकलमध्ये लोकांना तो ऑफिसचा पट्टा वाटेल. इथे तुझं पिवळं यूडीआयडी कार्डच बरं, दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र ते, ते टीसीला दाखवायचं, आणि बाकीच्यांना एकच वाक्य, "माझ्याकडे कार्ड आहे, आजार बाहेरून दिसत नाही." पुढे एमआरआय, इंजेक्शनं वगैरे काही सांगत बसायचं नाही. प्रॅक्टिस केली, आजोबा मी झाले, जरा जास्तच छान जमलं मला ते.

गेल्या आठवड्यात आली ती हसतच. त्याच डब्यात एका मावशींनी विचारलं, काय गं झालंय तुला? हिने पाठ केलेलं वाक्य म्हटलं. मावशी म्हणाल्या, "जोरात बोल गं, मला ऐकू येत नाही."