कॅमेरा भावाच्या हातून पडला, भरपाई मैत्रिणीने द्यायची का?

प्रश्न : मी स्वतंत्रपणे फोटोग्राफीची कामं करते. जवळच्या मैत्रिणीला सहलीसाठी माझा कॅमेरा आणि झूम लेन्स दिली. देताना मेसेजवर लिहिलं होतं, "फक्त तू वापर, दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नकोस. शुक्रवारपर्यंत परत हवा, शनिवारी माझं काम आहे." तिने तो धाकट्या भावाला दिला आणि त्याच्या हातून तो दगडावर पडला. लेन्सचा माउंट (कॅमेऱ्याला जोडायचा भाग) वाकलाय, कॅमेरा सुरूच होत नाही. तो मला सोमवारी मिळाला, तोवर शनिवारचं काम हातचं गेलं होतं. आधी तिने "सॉरी गं, रिपेअरिंगचं मी बघते" असं लिहिलं. आता म्हणते, "मी कुठे पाडला? अपघात होता. आणि मैत्रीत कसले पैसे मागतेस?" नव्या कॅमेऱ्याची किंमत मागता येईल का? पोलिसांत जाऊ का? तिची हार्ड डिस्क माझ्याकडे आहे, पैसे मिळेपर्यंत ती ठेवून घेतली तर चालेल? एक गोष्ट सांगायला हवी : कॅमेऱ्याच्या पट्ट्याचा एक हूक सैल होता, ते तिला सांगायचं राहून गेलं.

उत्तर : कॅमेरा कुणाच्या हातून पडला यावर तुम्ही दोघी भांडताय. तुमचा दावा मात्र उभा आहे तो तुम्ही तो कोणत्या अटीवर दिला होता यावर, आणि ती अट तुमच्याकडे लेखी आहे. उसन्या वस्तूंच्या तक्रारींत हे क्वचितच दिसतं.

वस्तू ठरावीक कामासाठी द्यायची आणि काम झालं की परत घ्यायची, या व्यवहाराला भारतीय करार कायदा, 1872 'बेलमेंट' म्हणतो. भाडं घेतलं नाही, स्टॅम्पपेपर केला नाही, म्हणून तो व्यवहार कायद्याबाहेर जात नाही. "मैत्रीत दिलं होतं" हा बचावच नाही. फुकट दिलेल्या वस्तूसाठीही याच कायद्यात स्वतंत्र तरतुदी आहेत.

आता "अपघात होता" या मुद्द्याकडे येऊ. कलम 151 म्हणतं की वस्तू घेणाऱ्याने तिची काळजी एखादा समंजस माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तितकी घ्यायची. तेवढी घेतली असेल तर कलम 152 प्रमाणे नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. मैत्रिणीने स्वतः कॅमेरा जपून वापरला असता आणि तरीही तो पडला असता, तर तिच्या म्हणण्यात दम होता. पण तिने अट मोडली, आणि तिथे कलम 154 लागू होतं. ठरलेल्या अटींबाहेर वस्तू वापरली, तर त्या वापरातून किंवा त्या वापरादरम्यान झालेलं नुकसान भरून द्यावं लागतं. मग निष्काळजीपणा होता की नव्हता, हा प्रश्न उरत नाही. या कलमाखाली कायद्यातच एक उदाहरण दिलंय. एकाने दुसऱ्याला घोडा फक्त त्याच्या स्वतःच्या सवारीसाठी दिला. दुसऱ्याने तो घरातल्या माणसाला दिला. त्या माणसाने काळजीपूर्वक सवारी केली, तरीही घोडा चुकून पडला आणि जखमी झाला. भरपाई कुणी द्यायची? घोडा मागून नेणाऱ्याने. घोड्याच्या जागी कॅमेरा ठेवा, तुमचं प्रकरण तेच आहे. भावाला यात ओढायची गरज मला दिसत नाही.

सैल हुकाची गोष्ट तुम्ही लपवली नाहीत, बरं केलंत, कारण समोरचा वकील तोच धागा पकडेल. फुकट दिलेल्या वस्तूतला आपल्याला माहीत असलेला दोष सांगणं, तो वापरात मोठा अडथळा आणणारा किंवा धोक्याचा असेल तर, कलम 150 प्रमाणे देणाऱ्याचं कर्तव्य आहे. त्यामुळे कॅमेरा नेमका कसा पडला ते महत्त्वाचं. पट्टा सुटून पडला असेल, तर तुमची बाजू थोडी लंगडी होते आणि तडजोडीत रक्कम खाली येऊ शकते. हातातून निसटला असेल, तर हुकाचा संबंध येत नाही. तिच्याशी झालेलं बोलणं पुन्हा नीट वाचा, पडला कसा हे तिने कुठेतरी लिहिलं असेल.

मेमरी कार्डही तपासा. शेवटच्या फोटोची तारीख आणि वेळ काय आहे? ती शुक्रवारनंतरची असेल, तर कॅमेरा परत देण्याची मुदत उलटल्यावर पडला, असं म्हणायला जागा मिळते. मग कलम 161 प्रमाणे त्या काळातल्या नुकसानीची जबाबदारी तिच्यावर येते, उशीर तिच्या चुकीने झाला असला की पुरे. आणखी एक बघा : फोटोंत ती स्वतः दिसत असेल, तर कॅमेऱ्यामागे बहुधा दुसरं कुणीतरी होतं. कार्ड फॉरमॅट करू नका. चॅट पुसू नका, फोन बदलू नका. कोर्टात नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही, त्यासोबत भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं.

आता रकमेचं. नव्या कॅमेऱ्याची किंमत मिळणार नाही, ती आशा सोडा. तुमचा कॅमेरा वापरलेला होता. दुरुस्ती होत असेल तर दुरुस्तीचा खर्च. दुरुस्ती वस्तूच्या किमतीहून महाग पडत असेल, तर पडण्याआधी बाजारात त्याचं जे मोल होतं ते, त्यातून भंगाराची किंमत वजा करून. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून लेखी अंदाजपत्रक घ्या आणि कॅमेरा उघडायला देण्याआधी वाकलेल्या माउंटचे फोटो काढून ठेवा. कॅमेऱ्याचा विमा असेल, तर तिच्याशी काहीही मिटवण्याआधी विमा कंपनीला कळवा.

शनिवारच्या कामाचे पैसे मागता येतील, कारण ते काम आहे हे तुम्ही तिला आधीच सांगितलं होतं. करार कायद्याचं कलम 73 नेमकं हेच पाहतं : करार करताना दोघांना ज्या नुकसानीची कल्पना होती, तेवढं. मात्र त्याच कलमाखाली न्यायालय विचारेल की नुकसान टाळायला तुम्ही काय केलंत. भाड्याने कॅमेरा मिळत होता का? विचारणा केली होती का? केली असेल तर त्याचे मेसेज काढून ठेवा. नसेल तर ही मागणी कमजोर आहे. आणि मागायचा तो खर्च वजा जाता उरणारा पैसा, बिलाची पूर्ण रक्कम नाही. मनस्तापाचा आकडा त्यात घालू नका, त्याने बाकीची मागणीही फुगवलेली वाटते.

पोलिसांत जाऊ नका. हातून वस्तू पडणं हा गुन्हा नाही, गुन्हा ठरायला अप्रामाणिक हेतू लागतो. तिने कॅमेरा विकून टाकला असता, तर गोष्ट वेगळी होती. ग्राहक आयोगाचाही इथे उपयोग नाही, मैत्रीण काही पैसे घेऊन सेवा देत नव्हती.

आधी तिला साधं पत्र पाठवा, स्पीड पोस्टाने आणि ईमेलने. अटीचा मेसेज, "रिपेअरिंगचं मी बघते" हा तिचा मेसेज, अंदाजपत्रक, रक्कम आणि पंधरा दिवसांची मुदत, एवढं पुरे. अशा दाव्याआधी नोटीस देणं कायद्याने सक्तीचं नाही, पण पुष्कळ प्रकरणं त्या पत्रावरच मिटतात. नाही मिटलं, तर तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व, म्हणजे दावा दाखल करण्याआधीचा, अर्ज करा. लोकअदालतीत दोघींच्या संमतीने तोडगा निघाला, तर त्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ असतं. तुम्ही महिला असल्याने उत्पन्न कितीही असलं तरी तुम्हाला मोफत वकील मागता येतो. अगदीच नाइलाज झाला तर दिवाणी दावा, करारभंगापासून तीन वर्षांच्या आत. तो रेंगाळतो, आणि या रकमेसाठी मी स्वतःहून तो सुचवणार नाही.

राहिली हार्ड डिस्क. ती परत द्या, आजच. दुसऱ्याची वस्तू येणं वसूल होईपर्यंत अडवून ठेवायचा हक्क कायद्याने मोजक्यांनाच दिलाय. त्या वस्तूवर कौशल्याचं काम केलेल्या कारागिराला तो आहे, बँकेला आहे. मैत्रिणीकडून पैसे येणं असलेल्या मैत्रिणीला नाही. मागूनही दिली नाहीत आणि ती बिघडली, तर कलम 161 उलटं तुमच्यावरच येईल. द्याल तेव्हा डिस्क चालू करून दाखवा आणि "मिळाली, चालू आहे" एवढं तिच्याकडून मेसेजवर घ्या.